सोंगाचा सराव आणि कुत्र्याचे दात

आमच्या घरी कुत्रा आला तेव्हा तो पिल्लू नव्हता. चांगला पोक्त, छातीने रुंद आणि स्वतःच्या मताचा होता. जव्हारचे माझे एक सहकारी नोकरी सोडून किनाऱ्याकडे राहायला गेले आणि जाताना तो मला देऊन गेले. "स्वभावाने अगदी गरीब आहे," ते म्हणाले. ते खरेही होते. रागाने तो कधीच कोणाला चावला नाही. तो फक्त आनंदाने चावत असे.

मी सरकारी जंगल खात्यात, मोखाड्याच्या वखारीत ओंडके मोजत असे. दिवसभर लांबी, घेर आणि प्रत ठरवणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही प्रत ठरवल्यावाचून चैन पडत नाही. कुत्र्याने खेळताना हात तोंडात धरला आणि नुसते वळ उठले, तर माझ्या लेखी ती 'पकड'. रक्त आले तरच 'चावा'. या हिशेबाने आमचा कुत्रा क्वचितच चावणारा ठरत होता. माझ्या बायकोला ही प्रतवारी मान्य नव्हती.

"माझं लुगडं फाडलं, ते कशात धरायचं?" तिने विचारले.

"ते कापड झालं. अंगाला कुठं लागलं?"

"लुगडं अंगावरच होतं माझ्या!"

शिमग्याच्या आधी आमच्या थोरल्या मुलीच्या सासरहून निरोप आला. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. शिमगा झाला की माझ्या मेहुण्याने बैलगाडी घेऊन जायचे आणि तिला आणायचे असे ठरले. त्या दिवशी बायकोने मला ताट वाढले आणि समोर बसून राहिली. ती समोर बसून राहिली की मी भाकरी लवकर संपवतो. पण त्या दिवशी उपयोग झाला नाही.

"पोर अवघडलेली येणार. ह्यानं एक उडी मारली तर काय होईल? ती यायच्या आत ह्याचे दात आवरा. नाहीतर जाऊ दे खोडाळ्याला."

खोडाळ्याला माझा हाच मेहुणा राहत असे. त्याची नागली डोंगराच्या कडेला होती आणि ती पिकली की रानडुकरे येत. राखणीला त्याला कुत्रा हवा होता, कारण आधीच्या कुत्र्याचे पोट डुकराने सुळ्याने फाडले होते. आमच्या कुत्र्याचे दात पाहून तो खूष होता. "असंच धरता आलं पाह्यजे," तो म्हणे. मला मात्र आमचा कुत्रा डुकराशीही आनंदानेच खेळायला जाईल, असे दिसत होते.

म्हणून मी उपाय सुरू केले. ओरडून पाहिले, कुत्र्याला वाटले, मलाही मजा येते आहे. वहाणेने नाकावर हलकेच चापटले. तो वहाण घेऊन परसात गेला आणि ती मला परत दिसली ती पट्ट्यावाचून. मग मी कडू किराईत वाटून दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोपडले. कुत्र्याने ते चाटून पाहिले, थोडा विचार केला आणि पुन्हा हात धरला. दुपारी वखारीत मी भाकरीचा पहिला तुकडा मोडून तोंडात घातला, तेव्हा ते किराईत कोणासाठी वाटले होते हे माझ्या ध्यानात आले. पाण्याने ते जात नव्हते. सगळी भाकरी तशीच खाल्ली. शेजारचा कारकून माझे तोंड पाहून म्हणाला, "घरी भांडण झालं वाटतं."

"मोठा कुत्रा आहे, त्याची सवय आता मोडायची नाही," मी त्या संध्याकाळी बायकोला सांगितले.

"तुम्ही ह्या वयात नाच शिकताय की!" ती म्हणाली.

हे बोलणे बोहाड्यावरून होते. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो. देवादानवांचे लाकडी मुखवटे लावून, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत येते. कोणते सोंग कोणत्या घराने काढायचे हे ठरलेले असते. आमच्या घराकडे देवीशी लढणाऱ्या असुराचे सोंग होते. माझा थोरला भाऊ गुडघ्यांच्या दुखण्याने घरी बसल्यापासून ते माझ्याकडे आले होते आणि माझा ठेका चुकत असे. मुखवटा जड असतो, मान जरा कलली की सगळे शरीर एकीकडे ओढले जाते. म्हणून मी वखारीच्या डोक्याने एक युक्ती काढली होती. मुखवट्याच्या वजनाइतकी नागली उघड्या टोपलीत भरायची, टोपली डोक्यावर ठेवायची आणि अंगणात नाचायचे. जितके दाणे सांडतील तितकी मान हलली. माझी मान किती हलत असे हे आमच्या कोंबड्यांच्या अंगावर दिसू लागले होते.

लढाईला समोर देवी हवी. घरात कोणी उभे राहायला तयार नव्हते. कुत्रा तयार होता. मी हात पसरून गिरकी घेतली की तो झेप घेऊन माझी बाही धरी, आणि देवीची क्षमा मागून सांगतो, त्याची झेप इतकी ठेक्यात पडे की माझ्या तोंडून "शाब्बास!" निघून जाई.

शिमग्याच्या दोन दिवस आधी मेहुणा काही कामाने आला होता. ओट्यावर बसून त्याने हा सराव पाहिला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"दाजी, तुम्ही दातांवर औषध शोधताय व्हय? तो चावत नाय. तुमच्यासंगं नाचतोय!"

"आणि वर शाबासकी कोण देतंय?" बायको आतून म्हणाली.

मला राग आला. कुत्र्याला नाच आणि एरवीचे हात हलवणे यांतला फरक कळायला हवा, असे मी म्हणालो. मेहुण्याने मुलीला आणायला जाताना कुत्र्यासाठी दोर गाडीत टाकून नेतो म्हणून सांगितले. मुलगी उतरली की कुत्रा गाडीत चढेल, एका खेपेत दोन कामे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टोपली घेतली. त्या दिवशी तिच्यात नेहमीची नागली नव्हती. ती कोंबड्यांनी संपवली होती. बायकोने पेरणीसाठी राखलेले बियाणे मी तिला न विचारता घेतले होते. गिरकी घेतली, कुत्र्याने मनगट धरले आणि टोपली कलंडू लागली. बियाणे मातीत गेले असते तर कुत्र्याआधी मलाच खोडाळ्याला जावे लागले असते. मी दोन्ही हातांनी टोपली धरली आणि जिथल्या तिथे थिजलो. हाक नाही, हालचाल नाही. कुत्रा मनगटाला लोंबकळत राहिला, मग त्याने पकड सैल केली. माझ्याकडे पाहिले. एकदा भुंकला. मी खांबासारखा उभा. शेवटी तो जांभई देऊन सावलीत जाऊन आडवा झाला. खेळ बंद पडल्यासारखा त्याचा चेहरा उतरला होता.

मी टोपली जपून खाली ठेवली आणि बायकोला हे सांगायला धावलो. बियाण्याची गोष्टही त्यामुळे लगेच बाहेर आली, आणि आधी त्यावर बोलणे झाले. पण तिला मुद्दा पटला. त्या दिवसापासून घरात एकच नियम झाला. खेळायचे ते गोणपाटाच्या गुंडाळीशी. अंगाला किंवा कपड्याला दात लागला की खेळ तिथेच थांबवायचा, पाठ फिरवायची आणि खांब व्हायचे. तरी सोडले नाही तर आत जाऊन दार लावायचे. नाचाचा सराव शेळ्यांच्या गोठ्यात, कवाड लावून. बाहेर कुत्रा विव्हळत बसे आणि आत शेळ्या माझ्याकडे पाहत. शेळ्यांपुढे असुर होणे फार कठीण असते.

आधी कुत्रा जास्तच उड्या मारू लागला. पाठ फिरवली की धोतराचा सोगा ओढी. बायको मात्र खरीच खांब होत असे. मला ते जमत नव्हते, कारण मी खांब होताना त्याला कारण समजावून सांगत असे. "हे बघ, तू धरलंस म्हणून मी थांबलो..."

"खांब बोलत नाही," बायको चुलीजवळून म्हणे.

हळूहळू तो तिच्याशी मऊ तोंडाने खेळू लागला. दात लागायच्या आत तोंड मागे घेई. माझ्या बाबतीत तो अजून चाचपडत होता, आणि कुत्रा खोडाळ्याला धाडायची गोष्ट बायकोने मागे घेतली नव्हती.

शिमगा उलटून काही दिवसांनी मुलीची गाडी एका सकाळी दारात आली. मेहुण्याने तिला हात देऊन उतरवले. दोर खरोखरच गाडीत होता. कुत्रा सुसाट गेला आणि त्याने तिचे बांगड्यांचे मनगट तोंडात घेतले.

मुलीला नियम ठाऊक नव्हता. पण अवघडलेल्या अंगाने तिला हलताही येत नव्हते. ती नुसती उभी राहिली. अंगणात सगळे खांबासारखे उभे होते, एक मी सोडून. मी दोन्ही हात वर करून ओरडत निघालो होतो. कुत्र्याने मुलीच्या थिजलेल्या हाताकडे पाहिले, मनगट अलगद सोडले, दोन पावले मागे गेला आणि शेपूट हलवू लागला. मग त्याला माझे हात दिसले. तो आनंदाने धावत आला आणि त्याने माझी बाही धरली.

मुलगी हसू लागली. "आई, बाबांना काय झालंय?"

मी तिचे मनगट उलटसुलट करून पाहिले. वळसुद्धा नव्हता. मेहुण्याने दोराची गुंडाळी उचलली आणि बहिणीकडे पाहिले.

"काय करू गं? नेऊ?"

बायकोने कुत्र्याकडे पाहिले, मग माझ्या फाटलेल्या बाहीकडे पाहिले.

"कुत्रा राहू दे," ती म्हणाली. "पण पोर इथं असेपर्यंत ह्यांनी अंगणात हात हलवायचे नाहीत."

मेहुण्याने दोर गाडीत टाकला. मी लेकीजवळ गेलो, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि प्रवास कसा झाला ते विचारले.