यार्डातलं रडणं

दौंडच्या मालधक्क्यावरची मांजरं कुणाचीच नव्हती. धान्याची पोती फुटत, उंदीर येत आणि उंदरांमागे मांजरं. रेल्वेच्या जागेत फुकट राहणारी तेवढीच, असं हे म्हणत. हे म्हणजे माझे यजमान, मालधक्क्यावरचे कारकून. लग्न होऊन मी शिरूरच्या मिशनवस्तीतून त्यांच्या क्वार्टरमध्ये आले आणि माझी पहिली ओळख झाली ती एका कबऱ्या मांजरीशी. पुढे मला दिवस गेले. तिचंही पोट जमिनीला टेकायला आलं होतं. दूधभाकरी कुस्करून घालताना मी तिला विचारायची, "तुझं आधी की माझं?" ती अंगाला हात लावू द्यायची नाही, पण खाऊन झालं की जरा लांब बसून माझ्याकडे बघत राहायची.

शेजारच्या मावशींना हे खपत नसे. मावशी फायरमनची बायको. माझं बाळंतपण त्याच करणार होत्या.

"पोटुशीनं मांजराचं रडणं ऐकू न्हाई. मूल हाताला लागत न्हाई," त्या म्हणाल्या.

आमच्यात अपशकुन मानत नाहीत, निदान तोंडाने तरी नाही, म्हणून मी हसले. मावशी हसल्या नाहीत. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, तेव्हा मारायचा प्रश्नच नव्हता. एका पहाटे त्यांनी धक्क्यावरची हाताला लागतील ती मांजरं पोत्यात भरली, मनमाडला जाणाऱ्या मालगाडीच्या रिकाम्या डब्यात पोत्याचं तोंड सोडलं आणि दार लावून घेतलं. गाडी नेईल, पाप कुणाच्याच माथी नाही. मला नंतर सांगितलं ते प्रसाद हातावर ठेवावा तसं. "तुज्यासाठीच केलं गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मग त्याच दुपारपासून रडणं सुरू झालं. दुपारी पुरुषमाणसं ड्युटीवर असत. इंजिनांची फुसफुस जरा थांबली की यार्डाच्या पार टोकाकडून बारीक आवाज यायचा, तान्ह्या बाळाचा यावा तसा, आणि मधेच तुटायचा. बायका भराभर दारं लावून घेत. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा मी यांना विचारलं. "ती गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मांजरं इथं असतीलच कशी?" ते म्हणाले आणि जेवता जेवता थांबले, कारण त्यांनाही ऐकू येत होतं.

मावशींनी न बोलावता येऊन माझ्यावरून मीठमोहरी उतरवली.

"मांजरं गेली, बाई. त्यांचं रडणं माघारी आलंय."

आवाज सुरू झाला की माझ्या पोटातलं बाळ हलायचं थांबे. खरंच थांबे की मला तसं वाटे, देव जाणे. मी प्रार्थना करायची आणि कान मात्र यार्डाकडे. मावशींनी दिलेला काळा दोरा मी मुकाट्याने दंडाला बांधला आणि पोलक्याच्या बाहीखाली लपवला.

चौथ्या दुपारी तो आवाज अगदी क्षीण झाला. तेव्हा मला कळलं की तो ऐकण्यापेक्षा तो बंद पडण्याचीच भीती मला जास्त वाटत होती. तशीच उठले आणि यार्डात गेले. केबिनपाशी रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन मामा बसले होते.

"तिकडं नगा जाऊ, बाई. आमी बी जात न्हाई आता."

"काय आहे तिकडे?"

"काय न्हाई. बिघडलेला डबा हाय एक. मनमाडच्या गाडीतला. चाकात दोष निघाला म्हणून सुटायच्या आधीच कापून तिकडं लावलाय."

बोलता बोलता त्यांचा चेहराच बदलला. आम्ही दोघं निघालो. डबा उन्हात एकटा उभा होता. मी दारावर हात ठेवला आणि रडणं थांबलं. मग आतून, नेमकं माझ्या तळहाताखाली, नखं खरवडल्याचा आवाज आला. मामा देवाचं नाव घ्यायला लागले. मी ओरडले, "उघडा आधी!"

दार सरकलं तसा भपकारा आला. एक बोका दाराशीच मरून पडला होता. अंगाची हाडं निघालेलं एक मांजर आमच्या पायांमधून धडपडत पळालं. मग काहीच हललं नाही. डोळे अंधाराला सरावले तेव्हा कोपऱ्यात पोत्यावर कबरी दिसली, वाळल्या फडक्यासारखी. तिच्या पोटाशी दोन पिल्लं हलत होती. ती माझ्याकडे बघत होती, नेहमी बघायची तशीच.

मावशी कधी मागून आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी आत डोकावलं आणि मटकन रुळावर बसल्या.

"पोटुशी व्हती व्हय ही?"

"होय," मी म्हणाले.

त्या उठल्या आणि पाणी आणायला घराकडे पळाल्या. पिल्लं जगली, कबरीही जगली. मालधक्क्यावरचं मावशींचं पाण्याचं भांडं मग कधी कोरडं राहिलं नाही. कबरी मात्र माणूस दूर गेल्याशिवाय त्याला तोंड लावत नसे.

उन्हाळ्यात, भर दुपारी, मावशींच्याच हातात माझं बाळ जन्मलं. जन्मताच रडलं, खणखणीत. मी सुटकेनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशी बाळाला धरून तशाच बसल्या होत्या आणि यार्डाकडच्या खिडकीकडे बघत होत्या.

"हे आपलंच रडतंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.