पाठ टेकली की संपलं

२००३ साली नाशिकरोडच्या एका सायबर कॅफेत बसून तृप्ती बोडके जपानी बायकांच्या कुस्तीची लीग चालवायची. कुस्ती सगळी लिहूनच. देशोदेशीचे लोक एकेक कुस्तीगीर पोरगी मनानं रचत, तिची लढत लिहून पाठवत आणि निकाल तृप्ती देई.

पहिल्याच लढतीत भांडण जुंपलं. जपानी खेळात पाडलेलीला तीन मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. तृप्ती मात्र सिन्नरच्या वस्तादाची मुलगी; तिकडच्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट. पाठ टेकल्याचं वाचताच तिनं निकाल देऊन टाकला. सगळे तिच्यावर तुटून पडले.

"माझ्याकडे पाठ टेकली की संपलं," तिनं ठणकावून लिहिलं. "पटत नसेल तर चालते व्हा."

कोणी गेलं नाही.

एका रविवारी जेवताना तिनं वडिलांना नवी लढत आणि आपण दिलेला निकाल सांगितला. अण्णांचा घास हातातच राहिला.

"एकच खांदा टेकला ना? मग पोर हरली कशी? कुस्ती परत लाव!"

 याच माणसानं तृप्तीला कधी तालमीचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"लावते," ती म्हणाली. "पण पंच म्हणून तुम्ही यायचं. माझ्या तालमीत."