परक्या साकवाचं गाऱ्हाणं

दुबईतल्या रास अल खोरच्या वर्कशॉपात मी उमेदीची वर्षं हॉटेलांचे दरवाजे करण्यात घालवली. भुसा दाबून केलेल्या फळ्यांवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि गिऱ्हाइकानं त्यावर हात फिरवून 'वा, काय लाकूड आहे' म्हणायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्यामुळे फुजैराच्या डोंगरातला एक खराखुरा जुना लाकडी पूल दुरुस्तीला आला, तेव्हा कुणी विचारायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो. तसंही बायको-मुलं गावी परतल्यापासून अजमानच्या माझ्या खोलीत फ्रिजच्या घरघरीशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

पूल कसला, आमच्या कोकणातला साकवच. एरवी कोरड्या, पण खोल ओहोळावर दोन सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर छप्पर. मालकाच्या वडिलांनी तो फुटलेल्या गलबताच्या लाकडातून बांधून घेतला होता. फळ्यांना गलबताच्या खिळ्यांची भोकं अजून दिसत होती. आमच्या गावच्या साकवालाही छप्पर होतं, पण ते पावसासाठी. हे उन्हासाठी. पुलापलीकडे मालकांची खजुराची बाग होती.

मालक ऐंशीच्या पुढचे. आम्ही त्यांना अरबाब म्हणायचो, ते मला नज्जार, म्हणजे सुतार. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असल्यानं हिंदी बोलायचे. पत्नी गेल्यापासून त्या घरात एकटेच होते. मुलगे दुबईत, आणि त्यांना इथे लोखंडी पूल हवा होता.

"लोहा डालेंगे तो मैं पैर नहीं रखूँगा," अरबाबनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "इसी पे चलके उधर जाना है. अपने पेड़ के नीचे बैठना है, बस. जल्दी करो नज्जार, यल्ला."

आमच्याकडे साकव दुरुस्तीला उघडण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्यानं मागणं सांगतो आणि थांबतो. जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो, मग तो पुढचं मागतो. आपल्या गाऱ्हाण्याला आपणच व्हय म्हणायचं नसतं, ते दुसऱ्यानंच म्हणायचं. मी नारळ घेऊन आलो होतो. हाताखालची माणसं टेकू आणायला पिकअप घेऊन गेलेली. कोणी हसायला नाही हे बघून मी पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा! ह्यो परक्या मुलखातलो साकव आज उघडूक घेतंय. कोणाच्या हातापायाक इजा होव नये रे म्हाराजा!"

आणि थांबलो. सवयीनं थांबलो. मागे गाव नव्हता, पुढे नुसता डोंगर. विमानतळावर बायको-मुलांना सोडून खोलीवर आलो त्या दिवशी मी डोळे पुसले नव्हते, ते तिथे पुसले.

"आमीन," मागून आवाज आला.

बोरीच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अरबाब बसले होते. मी पार ओशाळलो. "आपको समझा, अरबाब?"

"नहीं. तुम बोलके रुक गया. आदमी बोलके रुके तो किसी को जवाब देना चाहिए." मग काठीकडे बघत म्हणाले, "घर में मैं भी बोलके रुकता हूँ."

उरलेलं गाऱ्हाणं मी त्यांच्या आमीनवर पुरं केलं. नारळ फोडून खोबरं दिलं, तर दात नसल्यामुळे ते बराच वेळ चोखत बसले.

काम सुरू झालं. ऑफिसातून मॅनेजर उंटावरून शेळ्या हाकायचे. "अरे, जुनं काढून टाक ना सगळं! नवीन घाल, फिनिशिंग मॅच कर, हॅन्डओव्हर दे, खलास!" मी "हो सर" म्हणायचो आणि मला हवं तेच करायचो. एका तुळईचं टोक वाळवीनं खाल्लं होतं. तेवढंच कापून नवा साग जोडला. प्रत्येक फळी उतरवली, घासली, तेल पाजलं आणि तिच्याच जागी परत ठेवली. अरबाब रोज खुर्चीत येऊन बसायचे, चहा पाठवायचे आणि "कब?" विचारायचे. मी म्हणायचो, "इन्शाल्ला, जल्दी." किती दिवसांनी माझी कुणीतरी वाट बघत होतं.

मग एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली. अरबाब न्हाणीघरात पडले होते आणि मुलगे त्यांना दुबईला घेऊन गेले होते.

शेवटची फळी मी मुद्दाम बसवली नाही. तेल वाळलं नाही, स्क्रू संपले, काय वाटेल ती कारणं मॅनेजरांना दिली. शेवटी थोरला मुलगा स्वतः आला. पुलावरून फिरला, फोटो काढले, भला माणूस, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बहुत अच्छा किया. लेकिन बाबा अब चल नहीं सकते. अब हमारे पास ही रहेंगे." बागेच्या फाटकाला त्यानं कुलूप लावलं.

त्या दुपारी मी फळी बसवली. हत्यारं गाडीत टाकली आणि परत पुलाच्या तोंडाशी आलो. काम मिटवतानाही गाऱ्हाणं लागतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या साकवाचो धनी एकदा तरी हेच्यावरसून चलत पलीकडे जावंदे रे म्हाराजा!"

थांबलो. बोरीखालच्या खुर्चीवर धूळ बसली होती. गाडीवाला हॉर्न देत होता. मी बराच वेळ थांबलो, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाऱ्हाण्याला मीच उत्तर दिलं.

"आमीन."