माय माझ्या वर्गात आली तेव्हा

नागपुरात ऐन शहराच्या मध्यावर विद्यापीठाची एक जुनी दगडी इमारत होती. सत्तरच्या दशकात मी तिथं इतिहासात एम.ए. केलं. पुढं वर्ग दुसरीकडं गेले आणि इमारतीत संग्रहालय उघडलं. तोवर मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकवायला लागले होते. एका हिवाळ्यात कोंढ्याला घरी गेले, तेव्हा धानाची मळणी आटोपली होती.

माय म्हणाली, "तू जेथं शिकली ते मले दाखव."

"आता तेथं वर्ग नाहीत वं माय. जुन्या मूर्त्या ठेवल्या."

"ठेवू दे. भिंती तर त्याच आहेत ना?"

मला एवढं शिकवण्यावरून गावात तिनं बरंच ऐकून घेतलं होतं, पण डगमगली नव्हती. नवं लुगडं नेसून, संग्रहालयाचा रुंद जिना ती घरचाच असल्यासारखी चढली.

वरच्या मजल्यावर माझा वर्ग होता. फळ्याच्या जागी आता नाग कोरलेला दगडी खांब उभा होता, आमच्या कोंढ्याजवळच्याच पवनीचा. मायनं तो खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"शिकव," ती म्हणाली.

"कोणाले?"

"मले. पोरायले शिकवते ना रोज?"

आजूबाजूला माणसं होती. क्षणभर संकोच वाटला. मग मी सर उभे राहायचे तिथं जाऊन उभी राहिले आणि बोलू लागले. पवनीच्या टेकाडाखालचा विटांचा स्तूप, त्याला दान देणारी माणसं, दगडावर कोरलेली त्यांची नावं.

"बायायची बी?"

"बायायची बी."

लोक जवळ सरकले. मायनं वळून त्यांना सांगितलं, "माही पोरगी होय. याच खोलीत शिकली."

पहारेकरी हळू बोला म्हणायला आला, आणि बाजूच्या दगडावर काय लिहिलंय ते विचारून तिथंच थांबला. तेही मी वाचून दाखवलं. आवाज एव्हाना मोकळा झाला होता.

शेवटी मायनं विचारलं, "एवढं बांधलं, मंग हे लोकं गेले कुठं?"

"नाही माहीत, माय. कोणालेच नीट माहीत नाही."

"मंग तू शोध," ती म्हणाली, विहिरीवरून पाणी आण म्हणावं तितक्या सहज.

दुसऱ्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय निवडायला मला वेळ लागला नाही.