‘काय घातलं होतंस?’ आणि आमचं दुकान

आमच्या दुकानात बायका माप द्यायला येतात आणि किस्सा देऊन जातात. छातीभोवती टेप गुंडाळली की काय होतं कुणास ठाऊक, पण बाई बोलायलाच लागते! सासू, नवरा, नणंद, पित्त, सगळं निघतं. मापं आम्ही वहीत लिहितो. किस्से कुठे लिहिणार? ते साठत जातात.

दुकान म्हणजे काशीद नाक्यावरचं लेडीज टेलरिंग. मालकीण शमीमआपा. हेमिंग, हुक आणि काजं करायला हिरामावशी, कोळीवाड्यातली, पासष्टीची, अजून लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसते. तिसरी मी, प्राची, वय तेवीस, कटिंग शिकतेय. मध्यंतरी एका प्रकरणामुळे माझं हे काम सुटता सुटता राहिलं. आता जीव भांड्यात पडलाय म्हणून हसत सांगतेय.

*

प्रकरणाच्या थोडं आधीची गोष्ट. किहीमला कॉटेज भाड्याने घेऊन राहणाऱ्या एक मॅडम दुकानात आल्या. केस पांढरे, पायात कोल्हापुरी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "मला फक्त एथिकल क्लोदिंग हवंय."

आपांनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, "एथिकल म्हणजे नैतिक."

"नैतिक कपडे? असं बोला ना!" आपा उठल्या आणि कपाटातून बंद गळ्याचा, पूर्ण बाहीचा, खालपर्यंत अस्तर लावलेला कुर्ता काढून मॅडमसमोर पसरला. "हा बघा, फुल एथिकल! कितीही वाका, काही दिसणार नाही!"

मॅडम हसून हसून स्टुलावर बसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. कापड रसायनांशिवाय बनलेलं हवं, शिवणाऱ्या बाईला नीट वागवलेलं हवं, तिला वेळेवर जेवायला मिळालेलं हवं. तसा कपडा एथिकल.

आपांनी कुर्त्याची घडी घातली. "म्हणजे कपडा नैतिक आहे की नाही हे शिवून घेणाऱ्यावर आहे? या अल्ला! आणि आम्ही आजवर घालणारीला धरत होतो!"

*

त्याच महिन्यात जवळच्या एका शाळेतले सर आले. मुलींच्या युनिफॉर्मचा कुर्ता चार इंच लांब करायचा, वरून जॅकेट द्यायचं, असं कमिटीत ठरलं होतं.

"का हो सर?" आपांनी विचारलं.

"काय आहे आपा, मुलांचं लक्ष विचलित होतं."

"मुलांचं?"

"हो ना. वयच तसं असतं."

आपांनी मापाची वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली. "मग सर, उद्या मुलांना पाठवा. माप घेते."

"मुलांना? ते कशाला?"

"आजार ज्याला, औषध त्याला! झापडं शिवून देते, कानापासून कानापर्यंत. इलॅस्टिक लावते, पडणार नाहीत."

सर "बघतो, कमिटीत विचारतो" म्हणत गेले. कमिटीने काय ठरवलं ते कळलं नाही, पण जॅकेटची ऑर्डर काही आली नाही.

*

आता ते प्रकरण. गुरुवारी सकाळी मी मुरूडला लेस आणि हुक आणायला गेले होते. परत येताना सहा आसनी रिक्षात पाठीमागे बसले. शेजारच्या माणसाचा हात आधी सीटवर होता, मग माझ्या ओढणीवर, मग मांडीवर. मी सरकले, तो सरकला. मी ओरडले आणि हातातली हुकांची पिशवी त्याच्या तोंडावर हाणली. भरलेली पिशवी होती, नाकावर बसली! रिक्षा थांबली, हा उडी मारून पळाला, आणि समोरचे एक काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण जरा आवरून बसायचं."

मी घरी पोहोचेपर्यंत बातमी घरी पोहोचली होती. कपडे बदलून बाहेर आले, तर शेजारच्या काकू दारातच उभ्या. "काय घातलं होतंस गं?"

माझं डोकं इतकं फिरलं होतं की तोंडातून दुकानच बाहेर पडलं. "कॉटनचा पंजाबी ड्रेस काकू. लांबी बेचाळीस, गळा पुढून सहा, मागून चार, पाऊण बाही, साईडला कट, खाली पायपिनची किनार, आत मलमलचं अस्तर."

काकूंनी बोटांनी स्वतःच्या गळ्याची खोली मोजून बघितली. मग हळूच म्हणाल्या, "छान वाटतोय गं. मला शिवशील तसा?"

काकूंवर रागावताच येईना. पण बाबा संध्याकाळी घरी आले, चहाला हात लावला नाही, आणि एवढंच विचारलं, "ओढणी होती ना अंगावर?" माझ्या बाबांनी हे विचारावं! काकूंचं लागलं नव्हतं, हे लागलं.

"होती बाबा," मी म्हटलं. "त्याने आधी तीच ओढली."

बाबा कॉटेजवाल्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही, कधी माझ्यावर हात उगारलेला नाही. पण भ्यायले होते, आणि भ्यायलेल्या माणसाला एकच कळतं, दार लावून घेणं. म्हणाले, "हातातल्या ऑर्डरी संपव. शनिवारपर्यंत. सोमवारपासून घरी."

म्हणजे पकडला गेला नाही तो मोकळा, आणि मी आत!

*

शुक्रवारी दुकानात मी उलटी बाही जोडली, दोनदा उसवली. मग आपांनी मशीन थांबवलं, माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि स्वतःचा किस्सा काढला.

आपा पालीहून एसटीने येत होत्या. अंगावर बुरखा, हातात मोजे, डोळे तेवढे उघडे. गर्दीत मागून कुणी तरी चिमटा काढला. आपा गर्रकन वळल्या आणि त्या माणसाची कॉलरच धरली.

तो म्हणाला, "सॉरी सॉरी, चुकून झालं! मला वाटलं माझी बायको आहे!"

शेवटच्या सीटवरून आवाज आला, "अहो, मी इथे आहे!"

"आणि ती काय नेसली होती माहितीय?" आपा मला म्हणाल्या. "पोपटी साडी! मी काळ्या बुरख्यात. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याला तुझ्या गळ्याचे सहा इंच काय कळणार बेटा?"

मी त्या दिवसात पहिल्यांदा हसले. हसता हसता रडले. आपांनी हातातला ब्लाउजचा तुकडा पुढे केला, मग बघितलं तर गिऱ्हाइकाचा होता, म्हणून काढून घेतला आणि स्वतःची ओढणी दिली.

*

हिरामावशी सगळं ऐकत होती. तिच्याकडून काही येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यावरून एका टूरिस्ट बाईने एकदा विचारलं होतं, "मावशी, एवढं वर नेसायला लाज नाही वाटत?" त्यावर मावशीने "होडीपाशी चिखलात उतर, मंग बोलू" एवढंच उत्तर दिलं होतं. चाळीस वर्षं बाजारात म्हावरं विकलेली बाई. तिच्या वाटेला कोण जाणार?

तर मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मना पण लावला व्हता हात एकान. पंदरा वरसांची व्हते."

आपा स्टूल ओढून तिच्याजवळ सरकल्या.

"मग?" मी विचारलं. "काय नेसली होतीस, असं कुणी नाही विचारलं?"

"कोन इचारील? मी कुनाला सांगितलाच न्हाय." तिने दोरा दाताने तोडला. "आज सांगतंय. तू वरडलीस ना पोरी, म्हनून."

पन्नास वर्षं! मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण मावशीला असलं काही आवडत नाही. मी तिची सुई ओवून दिली.

*

शनिवारी दुपारी बाबा दुकानात आले. शर्टाचा खिसा मोटारीच्या बोल्टला अडकून फाटलेला, तसाच लोंबत होता. हातात रिकामी पिशवी. माझी कात्री, टेप, खडू न्यायला.

"आपा, सोमवारपासून प्राची येणार नाही."

"का भाऊ?"

"तुम्हाला माहितीय का ते. जग वाईट आहे." मग जरा नरमले. "तिला आधी असे कपडे शिवून द्या की कुणाची नजरच जाणार नाही. मग पुढचं बघू."

मला वाटलं आपा भांडतील. पण आपांनी शांतपणे मापाची वही उघडली. "सांगा. लांबी?"

"घोट्यापर्यंत."

"बाही?"

"पूर्ण. मनगटापर्यंत."

"गळा?"

"बंद."

आपा एकेक लिहीत होत्या. बाबाही सांगत होते, जसं काही सगळा प्रश्न त्या वहीतच सुटणार होता. "कापड जाड घ्या," ते म्हणाले.

कोपऱ्यातून हिरामावशीने मान वर न करता विचारलं, "आन त्याचं हात रं सुऱ्या? ते किती आखूड करू?"

तिच्या मांडीवर माझी मोठी कात्री होती. बाबांना सुऱ्या म्हणणारी गावात आता ही एकटीच. लहानपणी त्यांना कडेवर घेऊन फिरलेली.

"मावशी, मी तिच्या भल्यासाठीच..."

"व्हय. म्हाईत हाय मना."

बाबा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. वहीतल्या मापांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. एकदम उठले, शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवला, घडी केली आणि माझ्या मशीनवर ठेवला.

"खिसा फाटलाय," ते म्हणाले. "घाई नाही. सोमवारी कामावरून येताना घेऊन ये."

सोमवारी! कामावरून! मी आपांकडे बघितलं, आपांनी माझ्याकडे. माझा इतका वेळ रोखलेला श्वास सुटला तो शिट्टीसारखा, बाबांनाही ऐकू गेला असेल. त्यांनी रिकामी पिशवी काखेत मारली, नुसत्या बनियनवर पायरी उतरले आणि भर नाक्यातून, टूरिस्टांच्या गाड्यांमधून घराकडे निघाले.

हिरामावशी कात्री बाजूला ठेवून दारात गेली, कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या नाक्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरं ए सुऱ्या! असा उघडा फिरू नको रं, हात लावील कोनतरी!"