आडनावाचा रकाना

माझ्या फॉर्मवर आडनावाचा रकाना नाही. नाव, शिक्षण, येणारं काम, फोन नंबर, संपलं. पुण्याच्या कंपन्यांतली एचआरची मुलं फोन करून विचारतात, मॅडम, तुमच्या फॉर्ममध्ये एक कॉलम राहिलाय का? मी सांगते, राहिला नाही, काढलाय. निवड करा, मग आधार कार्डावर काय आहे ते बघत बसा. काहीजण हसतात, काहीजण दुसरी एजन्सी गाठतात. खुशाल गाठा. परभणीत माणसं लावून देणारे आता गल्लोगल्ली झालेत.

हा रकाना मी भाषणं ऐकून काढलेला नाही. आधी काही वर्षं मीच तो वापरलाय, आणि वाईट कामाला वापरलाय.

बी.कॉम. झाल्यावर मी स्टेशन रोडला लोकांचे बायोडाटा टाईप करून द्यायची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मी स्पर्धा परीक्षांना बसावं असं त्यांच्या मनात. मामा तर चारचौघांत म्हणायचा, दुसऱ्याला नोकऱ्या लावती म्हणं, आदी सोताला लाव. पण टाईप करता करता मला एक गोष्ट दिसायला लागली. आमच्याकडची माणसं 'अनुभव' पुढे 'नाही' लिहून आणायची. खोदून विचारलं की कळायचं, हा गडी सगळ्या गावाचं मळणी यंत्र एकटा खोलतो आणि जोडतो. मग हे का लिहिलं नाही? "ते काय काम हाय का मॅडम, ते तर घरचंच." मी 'नाही' खोडून तिथं चार ओळी लिहायची. तेवढ्यावर एकाला जिनिंग मिलमध्ये मशीनवर घेतलं, मग दुसऱ्याला. माझा धंदा असा सुरू झाला.

त्या मिलच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. वडिलांच्या वयाचे, बोलायला गोड. मी त्यांना काका म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी चहाचा कप पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "ताई, पाव्हणे कुठले तुमचे?"

हा प्रश्न आमच्याकडं कुणी उगीच विचारत नाही. पाहुणे, म्हणजे सोयरे, कुठले आणि कोण हे कळलं की जात कळते, आणि विचारणारा नामानिराळा राहतो. आम्ही बौद्ध. पण आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही पत्ता लागत नाही. मी म्हणाले, चारठाण्याचे. ते खरंच होतं. चारठाण्यात त्यांचेही पाहुणे निघाले. ते खूश झाले, पुढचं विचारणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, पण अर्धंच बोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत चहा संपवला.

त्या मुठीची किंमत पुढच्या आठवड्यात कळली. काका म्हणाले, तुमी आपल्यातल्याच, तुमाला काय सांगायचं. आडनावं बघून पाठवीत जा. मी दोन फायली केल्या. एक पाठवायची, एक ठेवायची. तीन हंगाम केलं ते काम. ठेवायच्या फाईलमध्ये माझ्या सख्ख्या चुलतभावाचा अर्ज होता. त्याचं आडनाव माझंच, पण त्याला मिलच्या दारात ओळखणारे होते. तो आत गेला असता तर माझं बिंग फुटलं असतं. मी त्याला सांगितलं, जागा भरली. कुंपणानंच शेत खाल्लं. त्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटली पाहिजे.

नंतर कामं बदलत गेली. मोबाईलची दुकानं आली, बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या, दवाखान्यांना नर्स लागायला लागल्या, मग कुरिअरची गोदामं. दर वेळी मी नवं काम शिकले. गोदामात दिवसभर उभं राहून बघितलं की कोणती माणसं संध्याकाळपर्यंत टिकतात, नर्सच्या ड्युट्या वहीत उतरवून घेतल्या. मामा आता स्वतःच्या पोराचा बायोडाटा घेऊन आला. धंदे बदलले, पण पाहुण्यांचा प्रश्न काही बदलला नाही. कुठं तो मराठीत होता, कुठं 'फॅमिली बॅकग्राउंड' म्हणून इंग्रजीत. दोन फायली मी बंद केल्या होत्या, पण तेवढंच. उमेदवारांना आधीच पढवून ठेवायची, विचारलं तर नुसतं गावाचं नाव सांगा, पुढं बोलू नका. याला मी अनुभव म्हणत होते.

दोनेक वर्षांपूर्वी काकांनी जिंतूरकडच्या एका सोलार प्रकल्पाचा माणसं पुरवायचा ठेका घेतला आणि निवडीचं काम मला दिलं. माझं तेव्हाचं सगळ्यात मोठं काम. त्यात येलदरीकडची एक मुलगी आली. आयटीआयची इलेक्ट्रिशियन, वडील धरणावर मासे धरणारे. अनुभवापुढे 'नाही'. विचारलं तर गावातल्या निम्म्या पाणबुडी मोटारींना हिचा हात लागलेला. प्रकल्पावर कामाची परीक्षा होती, तिकडं जाताना एसटीत मी तिला नेहमीचा धडा दिला. गावाचं नाव सांग, बास. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी काय सांगितलं हुतं?"

मी कंडक्टरला हाक मारून तिकिटाचे सुटे पैसे मागितले. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

प्रकल्पावर कंपनीच्या इंजिनिअरनं विजेची एक पेटी मुद्दाम बिघडवून ठेवली होती. आधीच्या पोरांनी थेट पाने-पेचकस घातले. हिनं आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून बघितला, मग पेटी उघडली. इंजिनिअरनं तिच्या नावापुढे खूण केली. शेवटी काकांच्या टेबलापुढं उभं राहायचं होतं. त्यांनी तिच्याकडं हसून बघितलं आणि विचारलं, पाव्हणे कुठले, बाई?

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मी काय करते ते बघायला. आणि माझं डोकं फिरलं, तिच्यावर नाही, काकांवरही नाही, माझ्यावर.

"काका, तिचे पाव्हणे मला माहीत न्हाईत," मी म्हणाले. "माझे सांगते. आम्ही बौद्ध. चारठाण्याचे पाव्हणेही बौद्धच. तुमी भलतं समजलात, आणि मी समजू दिलं."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई व्हय, ताई?"

"सांगितलं असतं, तर माझा कागद कोणत्या फाईलमध्ये गेला असता?"

इंजिनिअर इकडचा नव्हता, त्याला यातलं फारसं कळलं नसावं. त्यानं कागद पुढे सरकवून एवढंच सांगितलं की मेन बंद करणारी ही एकटीच आहे, मला हीच पाहिजे. काका म्हणाले, तिला ठेवा. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ताई, तुमी मात्र उद्यापासून येऊ नका. मी म्हणाले, नाही येणार. मी पर्स उचलून सरळ बाहेर आले.

ते काम गेलं, त्यांच्या ओळखीनं मिळालेली आणखी दोन गेली. जाऊ द्या. ती मुलगी आता तिथं शिफ्ट सांभाळते आणि माणूस लागला की मला गुपचूप फोन करते. काय काम आलं पाहिजे तेवढं सांगते आणि फोन ठेवते. तिचे पाहुणे कुठले, मला आजही माहीत नाही.

पण त्या दिवशी मी घरी गेले नाही, चुलतभावाकडं गेले. तो टेम्पो चालवतो. दारात उभा राहून समोरची काच पुसत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, त्या साली मिलमधली जागा भरली नव्हती. तुझा कागद मी बाजूला ठेवला होता.

तो काच पुसत राहिला.

"ठावं हाय, आक्का," तो म्हणाला. "जागा भरली म्हनताना तू माज्याकडं बगितलंच न्हाईस."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस.

"म्हनलं, तुजं तरी चालू दे."

मी तिथंच टेम्पोच्या पायरीवर बसून रडले. त्यानं आतून पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने फॉर्म रद्दीत टाकले आणि छापखान्यात जाऊन नवे छापायला दिले.