साडेचार इंची केबिनची वास्तुशांत

आमच्या घराण्यात स्वतःचं घर बांधणारा मी पहिलाच. उंची साडेचार इंच.

खरं तर ती रेल्वेची सिग्नल केबिन होती. आमच्या हौशी क्लबात मोठी माणसं (वयाने!) छोट्या आगगाड्या पळवतात. रविवारी दादरला आमचं प्रदर्शन होतं. आजवर क्लबाने मला रूळ पुसण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. यंदा सेक्रेटरी प्रधानांनी रुळांकडेची केबिन माझ्यावर सोपवली. "विकतची नको हं, हाताने बनवायची. जमणार नसेल तर आत्ताच सांगा!" हे सगळ्यांसमोर! म्हणजे आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता.

दोन महिने लालबागच्या आमच्या खोलीत बसून मी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून एकेक कौल कापलं, काडेपेटीच्या काड्यांचा जिना केला, शर्टाच्या खोक्यावरच्या प्लास्टिकची तावदानं बसवली. शनिवारी शेवटचं कौल चिकटवलं आणि कौतुकाने आईला हाक मारली. तिथेच चुकलो.

आईचे डोळे भरून आले. "झिला, घर बांधलंस रे!"

"आई, केबिन आहे ती. खेळातली."

"दार आसा, खिडकी आसा, कौलां आसत. मग घर नाय तर काय? वास्तुशांत केल्याशिवाय भायर न्यायचां नाय!"

मी आशेने बायकोकडे पाहिलं. नीता म्हणाली, "करू दे रे त्यांना. खरं घर काही तू त्यांना दाखवणार नाहीस." आणि शिरा परतायला उठली.

तेवढ्यात शेजारचे सावंतकाका आले. त्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि किंचाळले, "दार दक्षिणेला! अरे मेल्या, आत राहणाऱ्याचं काय होईल?"

"काका, आत कोणी राहत नाही!"

"राहील कोण, दार दक्षिणेला असल्यावर!"

त्यांनी केबिन उचलून उत्तरेकडे फिरवली. उचलताना जिना त्यांच्या हातात आला. तो माझ्याकडे देत म्हणाले, "हे घे, एक्स्ट्रा होतं."

मग आईने उंबऱ्याला कुंकू लावलं. तिच्या एका बोटाखाली उंबरा, दार आणि शेजारची खिडकी मावली. आंब्याच्या पानांचं तोरण लागलं (एकाच पानाचं! दुसऱ्याला जागाच नव्हती) आणि त्यामागे केबिन दिसेनाशी झाली. मजल्यावरच्या बायका आहेराला वाटी घेऊन आल्या. तीही केबिनपेक्षा रुंद होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर नीताने त्यात शिऱ्याचा घास कोंबला.

तो गिळेपर्यंत काकांनी नारळ उचलला होता.

"नारळ नको! आई, नुसता पुठ्ठा आहे! पाणी लागलं तर गोंद सुटेल! फोडायचा तर बाहेर गॅलरीत फोडा!"

"घर हय आणि नारळ थय? अभद्र बोलू नको!"

काकांनी नारळ केबिन ठेवलेल्या पाटावरच आपटला. एवढं पाणी मी उभ्या जन्मात एका नारळातून निघालेलं पाहिलं नव्हतं! "शुभ, शुभ!" सगळे म्हणाले. पाणी कौलांतून आत शिरलं, भिंती फुगल्या आणि माझी दोन महिन्यांची केबिन सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, खाली बसली.

मला खरोखर रडू येत होतं. आईने त्या लगद्यावरून मायेने हात फिरवला आणि म्हणाली, "पाया कच्चो होतो रे."

रविवारी प्रदर्शनात गाड्या झोकात धावत होत्या आणि रुळांकडेला माझ्यासाठी राखलेला चौकोन मोकळा पडला होता. मी खांबाआड लपलो होतो, तरी प्रधानांनी हुडकून काढलंच. "केबिन कुठाय हो तुमची?"

नारळाचं सांगायची हिंमत होईना. म्हणालो, "बांधून झाली होती हो. पण ताबा लांबलाय."

प्रधानांचा राग तिथल्या तिथे विरला. मुंबईचीच माणसं ती! सगळा क्लब भोवती जमला, कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी चहा आणून दिला. प्रधान तर कळवळून म्हणाले, "सोडू नका त्याला! बिल्डर कोण तुमचा?"

मी मान खाली घातली. "मीच."